‘इंजिनियर्ड’ प्रोबायोटिक आणि आतड्याचं अस्तर रिपेअर: डबा संपवला, आता लिहितोय

पाचपैकी दोन स्टार, आणि दुसरा पण जरा जड हातानेच देतोय.

दीड हजाराच्या घरातला ३० कॅप्सूलचा डबा आहे. वर मोठ्या अक्षरात ‘इंजिनियर्ड प्रोबायोटिक’ (प्रोबायोटिक म्हणजे पोटाच्या भल्यासाठी खायचे जिवंत जंतू, इंजिनियर्ड म्हणजे जीन बदललेले), त्याखाली ‘गट लायनिंग रिपेअर’, बाजूला आतड्याच्या भिंतीचं चित्र आणि त्या भिंतीवर हातात पाना घेतलेले छोटे छोटे जंतू काम करून राहिलेत. चित्र भारी आहे, खोटं नाही बोलणार. कंपनीचं नाव टाकत नाही कारण असे डबे अजून चार-पाच जणांचे फिरतायत आणि सगळ्यांचं लेबल थोड्याफार फरकाने तेच, एकालाच धरून बाकीच्यांना मोकळं सोडण्यात अर्थ नाही.

आता मी कोण हे सांगतो म्हणजे पुढचं वाचताना गडबड नको. मी डॉक्टर नाही. आमचं चोपडा तालुक्यात कृषी केंद्र आहे, बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. पण जिवंत जंतू पाकिटात भरून विकणं हा आमचाही धंदाच आहे ना भो, रायझोबियम, पीएसबी, ट्रायकोडर्मा, सगळं जिवंत माल. सीएफयू (म्हणजे जिवंत जंतूंची मोजणी) किती, बॅच कोणती, एक्सपायरी कधी, हे बघितल्याशिवाय माल उतरवून घेत नाही. आणि जीन टाकलेली वस्तू म्हणजे काय हे तर खान्देशातल्या कापूसवाल्याला २००२ पासून पाठ आहे. म्हणून हा डबा मी औषधाच्या नजरेने कमी आणि दुकानदाराच्या नजरेने जास्त वाचला.

त्रास काय होता ते थोडक्यात. पोती उचलून कंबर गेली, कंबरेसाठी पेनकिलर चालू, ती पण बऱ्याचदा चहावर, आणि मग पोटात जळजळ, फुगणं, सकाळी दोन-तीनदा पळापळ. एंडोस्कोपीत जठराला सूज आणि बारीक चट्टे निघाले. डॉक्टरांनी पेनकिलर बंद केली, सकाळी उपाशीपोटी ॲसिड कमी करणारं पॅन्टोप्रॅझोल दिलं, आणि ठेचा, शेवभाजीची तर्री, रात्रीचं जागरण सगळ्यावर काट मारली. ठेचा बंद म्हटल्यावर भाकरीसोबत खायचं काय हा प्रश्न त्यांना विचारला, ते हसले फक्त. ह्या मधल्या काळात पुण्याच्या शालकाचा फोन, “दाजी, गोळ्या किती दिवस खाणार, मुळावर घाव घाला, हे बॅक्टेरिया आतड्याचं अस्तर आतून दुरुस्त करतात, लिंक पाठवलीय बघा.” शालक आयटीत आहे, त्याच्या लिंका रोज येतात, पण ही म्हटलं बघूच, विषय आपल्या धंद्याचा आहे.

तर आधी कल्पना बरोबर आहे का ते बघू, कारण कल्पना खरंच चांगली आहे, तिची चेष्टा करण्यासारखं काही नाही. आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर असतो, एकच. त्याच्या वर चिकट म्युकसचा लेप. पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात, त्या जोडांमधून काय आत जाऊ द्यायचं आणि काय नाही हे ठरतं. हा थर साधारण तीन ते पाच दिवसांत नवा होत राहतो, म्हणजे शरीर स्वतःच सतत दुरुस्ती करत असतं. सूज आली, पेनकिलरने मार बसला, इन्फेक्शन झालं की हा थर फाटतो, जोड सैल होतात, आणि दुरुस्तीचा वेग मागे पडतो. मग जे जंतू तसेही तिथून जातायेतायत त्यांनाच दुरुस्तीचं सामान घेऊन पाठवलं तर? हा विचार शास्त्रज्ञांनी केलेला आहे आणि त्यावर खरं काम झालेलं आहे.

त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं काम हार्वर्डच्या व्हिस (Wyss) इन्स्टिट्यूटचं. नील जोशी यांच्या लॅबने केलं, आडनाव बघून आपल्याला उगाच बरं वाटतं. त्यांनी घेतला ई. कोलाय निस्ल १९१७ नावाचा जंतू. ह्याची पण गोष्ट आहे: पहिल्या महायुद्धात हगवणीच्या साथीत बाकीचे सैनिक आडवे झाले आणि एकाला काहीच झालं नाही, तर आल्फ्रेड निस्ल नावाच्या जर्मन डॉक्टरने त्या सैनिकाच्या शौचातून हा जंतू वेगळा काढला, १९१७ साली. जर्मनीत तो म्युटाफ्लोर नावाने औषध म्हणून विकला जातो, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) शांत ठेवायला तो मेसालाझिन ह्या नेहमीच्या औषधाच्या तोडीस तोड ठरल्याची ट्रायल आहे, ती पण नुसता जंतू, काही न बदलता. जोशींच्या टीमने त्याच्यात बदल केला. हा जंतू कर्ली नावाचे धाग्यासारखे प्रोटीन बाहेर सोडतो, त्या धाग्याला त्यांनी ट्रेफॉइल फॅक्टर जोडला. ट्रेफॉइल फॅक्टर म्हणजे आपल्याच आतड्यात तयार होणारं, जखम भरायला मदत करणारं प्रोटीन. म्हणजे जंतू आतड्यात जाऊन धाग्यांची जाळी विणणार आणि त्या जाळीवर जखमेचं औषध आधीच लावलेलं असणार. २०१९ ला नेचर कम्युनिकेशन्समध्ये छापून आलं. केमिकल देऊन आतड्याला सूज आणलेल्या उंदरांमध्ये त्याने वजन कमी होणं कमी झालं, अस्तर जास्त चांगलं राहिलं.

उंदरांमध्ये. हा शब्द माझ्या डब्यावरच्या माहितीपत्रकात कुठेच नाही, पण ‘हार्वर्ड’ मात्र आहे.

माणसांवर काय झालं? त्याच्याही आधी, २००० साली, बेल्जियमच्या लोकांनी लॅक्टोकॉकस लॅक्टिस, म्हणजे ताक-चीज बनवणाऱ्या कुळातला जंतू, त्याच्यात आयएल-१० नावाचं सूज उतरवणारं प्रोटीन बनवायची सोय केली. उंदरांत चाललं. मग २००६ ला नेदरलँड्समध्ये क्रोन्स ह्या आतड्याच्या सुजेच्या आजाराच्या दहा पेशंटना दिलं. त्यात एक डोकं लावलं होतं ते मला फार आवडलं: जंतूमधला थायमिडिन बनवायचा जीन काढून त्याच जागी माणसाचा आयएल-१० चा जीन बसवला, म्हणजे पोटाबाहेर पडला की थायमिडिन न मिळून तो मरणारच, शेतात नाल्यात पसरायची भीती नको. बीटी कापसाबरोबर आपल्याकडे नॉन-बीटीचं रेफ्युजी पाकीट द्यायचे (अळी बीटीला सरावू नये म्हणून कडेने पेरायला) आणि शेतकरी ते बांधावर फेकून द्यायचे, पुढे गुलाबी बोंडअळीने २०१७ ला काय केलं ते सगळ्यांनी बघितलं, म्हणून हे आधीच विचार करून ठेवलेलं कुलूप बघून मी खुश झालो. पण पुढे अल्सरेटिव्ह कोलायटिसवरच्या मोठ्या ट्रायलमध्ये त्या जंतूचा प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या डमीपेक्षा, वेगळा फायदा दिसला नाही. आणि निस्लवरच बेतलेला दुसरा एक इंजिनियर्ड जंतू, पीकेयू नावाच्या जन्मजात आजारासाठी अमेरिकेच्या सिनलॉजिकने आणलेला, तो थेट तिसऱ्या फेजपर्यंत गेला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ट्रायल थांबवली, फायदा दिसायची शक्यता कमी म्हणून. म्हणजे आतापर्यंतचा हिशोब असा की कल्पना चांगली, उंदीर खुश, माणूस वेटिंगवर.

मग मी लेबल उलटं केलं. मागे बारीक अक्षरात यादी: लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस, लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस, बिफिडोबॅक्टेरियम लाँगम, बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स, सोबत एल-ग्लुटामिन, झिंक आणि एफओएस. झालं. हेच चार जंतू तुमच्या गावच्या मेडिकलवर दहा-पंधरा रुपयाच्या कॅप्सूलमध्ये मिळतात, ह्यात जीन बदललेला एकही नाही. असता तर लपला नसता, कारण भारतात जीन बदललेला जिवंत जंतू विकायचा म्हणजे १९८९ चे नियम लागतात, दिल्लीत जीईएसीपुढे, म्हणजे जीएम वस्तूंना परवानगी देणाऱ्या सरकारी समितीपुढे, फाइल जाते, आणि ती फाइल किती सरकते हे आपल्याला वांग्यावरून माहितीच आहे, बीटी वांग्यावर २०१० ला स्थगिती आली ती आली, आजही भरिताचं वांगं आपण साधंच खातोय. त्या मानाने इंस्टाग्रामवर कूपन कोडसह जीएम जंतू मिळून राहिला असता तर अख्ख्या देशात बोंब झाली असती. अमेरिकेत मात्र असा एक माल खरंच दुकानात आहे, झेडबायोटिक्सचा, २०१९ पासून, बॅसिलस सबटिलिसला दारूतून तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड मोडायला शिकवलंय, आणि ते लोक आम्ही जीन बदललाय हे उघड सांगून विकतात. तो पण आतड्याच्या अस्तरासाठी नाही.

कस्टमर केअरला फोन लावला. पोरगी गोड बोलली. मी विचारलं मॅडम ह्यातला कोणता जंतू इंजिनियर्ड आहे. म्हणे, “सर, आपला फॉर्म्युलाच इंजिनियर्ड आहे.” म्हटलं म्हणजे जीन टाकलाय का. “नो नो सर, ते हार्मफुल असतं, आपलं हंड्रेड पर्सेंट नॅचरल आहे.” म्हणजे डब्यावर इंजिनियर्ड लिहून पैसे घ्यायचे आणि फोनवर नॅचरल म्हणून धीर द्यायचा, दोन्हीकडून फायदा. दुकानात तेव्हा एक ओळखीचे बाबा बीटीचं पाकीट घ्यायला आलेले, ते सगळं ऐकत होते, मला म्हणे, “भो, हाई बी बीटी शे का? मंग बोंडअळी मरई का पोटमानी?” बाबांचा प्रश्न कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त मुद्द्याचा होता.

जंतूचं अजून एक आहे जे लोक बघत नाहीत. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस’ लिहून काही कळत नाही, त्याच्यापुढे स्ट्रेनचा नंबर पाहिजे. जीजी नावाच्या स्ट्रेनवर ढीगभर अभ्यास झालेत, पण ते जीजीचे, त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचे नाहीत. कापसाच्या पाकिटावर नुसतं ‘कापूस’ लिहून दिलं तर कोणी घेईल का, वाणाचं नाव विचारणारच ना. ह्या डब्यावर एकाही जंतूचा स्ट्रेन नंबर नाही. इथेच माझा एक स्टार गेला.

आणखी एक स्टार गेला उन्हात. डब्यावर ५० बिलियन सीएफयू लिहिलंय, आपल्या भाषेत ५,००० कोटी. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची, कमीत कमी अट दिवसाला १० कोटीची आहे, त्यामुळे आकडा ऐकायला जबरदस्त. पण त्याच्यापुढे चांदणी आहे आणि चांदणीचा अर्थ खाली मुंगीएवढ्या अक्षरात: उत्पादनाच्या वेळी. म्हणजे कारखान्यातून निघताना एवढे जिवंत होते, तुमच्या पोटात किती पोचले ते तुमचं नशीब. आम्ही रायझोबियम विकतो त्याला सरकारी खत नियंत्रण आदेशात अट आहे, पावडरच्या पाकिटात ग्रॅमला ५ कोटी, लिक्विडमध्ये मिलीला १० कोटी, आणि इन्स्पेक्टर सॅम्पल उचलून नेतो. शेंगदाण्याच्या बियाण्याला लावायच्या जंतूचं सॅम्पल उचललं जातं आणि माणसाच्या पोटात जाणाऱ्याची चांदणी चालते, कमाल आहे.

साठवण २५ अंशाच्या खाली असं लिहिलंय. आता मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात २५ अंश कुठे असतात ते मला दाखवा, पहाटे पण नसतात. पारा ४५ च्या पुढे जातो, कुरिअरवाल्याचं गोडाऊन पत्र्याचं, तिथे पार्सल पडून, मग पोराच्या बाईकच्या डिक्कीत भर दुपारी. माझा डबा साध्या काळ्या पॉलिथिनमध्ये आला, ना बर्फाचं जेल पॅक ना थर्माकोल, हाताला चटका बसेल इतका गरम. आम्ही कल्चरची पाकिटं उन्हाळ्यात ओल्या पोत्याखाली मागच्या खोलीत ठेवतो, नाहीतर जूनमध्ये पेरणीला शेतकऱ्याच्या हातात नुसती कोळशाची पूड जाते. ह्या यादीतला बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स तेवढा बीजाणू करून उष्णता काढतो, त्याची काळजी नाही. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडो मात्र नाजूक. म्हणजे ज्या तिघांचे जास्त पैसे घेतले तेच वाटेत आडवे झालेले असण्याची शक्यता जास्त.

शालकाने पुण्याहून ह्याच डब्याचा एक नमुना आणला होता, त्याच्या फ्रीजमध्ये ठेवलेला. मग मी घरी एक गंमत केली. दूध उकळून कोमट केलं, दोन वाट्यांत घेतलं, एकीत त्याची कॅप्सूल फोडून टाकली, दुसरीत माझी. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने झाकण काढलं तर त्याच्या वाटीतलं दूध सैलसर का होईना बसलं होतं, आंबट वास पण होता, माझ्या वाटीतलं जवळजवळ दूधच. ही काही लॅब टेस्ट नाही, किती जंतू होते ते ह्यातून कळत नाही, बॅच पण वेगळी असेल. पण बायको म्हणाली, “दीड हजाराचं विरजण, ते पण लागलं नाही,” आणि दोन्ही वाट्या घासायला टाकल्या.

बरं, फरक पडला का? डबा पूर्ण संपवलाय म्हणून सांगायचा हक्क आहे. सुरुवातीला गॅस वाढला, चांगलाच वाढला, दुकानात बसायची पंचाईत. ते एफओएसमुळे असणार, ती साखर जंतूंचं खाणं आहे आणि आतड्यात आंबते, आंबली की गॅस. नंतर तो कमी झाला आणि सकाळची पळापळ पण कमी झाली, पोट हलकं वाटायला लागलं, हे खरं आहे आणि ह्यासाठीच दुसरा स्टार दिलाय. पण त्याच काळात पेनकिलर बंद होती, पॅन्टोप्रॅझोल चालू होतं, तर्री बंद होती, आणि रोज दुपारी घरचं ताक होतं. पेनकिलर बंद करणं हाच मोठा घटक असणार, ती गोळी अस्तराचं रक्षण करणारं प्रोस्टाग्लँडिनच अडवते, ती थांबली की थर आपला आपण भरून यायला लागतो. शिवाय माझे चट्टे होते जठरात आणि ही कॅप्सूल डिलेड रिलीजची, उघडणार पुढे आतड्यात, म्हणजे ज्या भिंतीला भगदाड होतं तिथे हे मिस्त्री थांबलेच नाहीत. एवढं सगळं एकत्र चालू असताना श्रेय डब्याला द्यायचं म्हणजे पाऊस पडल्यावर फवारणीवाल्याने पिकाचं श्रेय घेण्यासारखं झालं.

आणि हे फक्त माझं म्हणणं नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० ला सगळे अभ्यास चाळून सांगितलं की क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस, आयबीएस (सतत पोट बिघडण्याचा आजार) ह्या आजारांत प्रोबायोटिक ट्रायलच्या बाहेर देण्याइतका पुरावा नाही. काही ठिकाणी उपयोग आहे असं त्यांनीच म्हटलंय, जसं ॲन्टिबायोटिक चालू असताना क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे जुलाब टाळायला ठराविक स्ट्रेन. पण ‘लीकी गट’ (गळकं आतडं) नावाचा जो आजार ह्या जाहिरातींमध्ये थकवा, पुरळ, केस गळणं, चिडचिड सगळ्याला जबाबदार असतो तो डॉक्टरी पुस्तकात निदान म्हणून नाही. अस्तर सैल होतं हे खरं, ते मोजता पण येतं, लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल पाजून लघवीत किती आलं ते बघतात. पण इंस्टाग्रामवर आठ प्रश्नांची क्विझ भरून नाही मोजता येत. ती क्विझ मी खोटी उत्तरं देऊन भरली, एकही त्रास नाही म्हणून, तरी ‘मॉडरेट गट डॅमेज’ आलं आणि खाली डबा २० टक्के सूट.

ज्याला साधं प्रोबायोटिक घ्यायचंच आहे त्याने मेडिकलवर जाऊन फ्रीजमधला किंवा बीजाणूवाला माल घ्यावा, स्ट्रेन नंबर बघावा, एक्सपायरी जवळची घेऊ नये, आणि मे महिन्यात ऑनलाइन मागवू नये. कुणाची केमो चालू असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, आयसीयूत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी) लावलेली असेल तर जिवंत जंतू डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, अशा पेशंटमध्ये हेच जंतू रक्तात गेल्याच्या केसेस आहेत. शौचात रक्त, काळं शौच, वजन उतरणं, ह्यातलं काही असेल तर डबाबिबा सोडा आणि आधी तपासून या. आमच्याकडे कंबरेची आणि गुडघ्याची गोळी शेंगदाण्यासारखी खातात लोक, मेडिकलवाला पण विचारत नाही, आणि मग पोटासाठी दीड हजाराचा डबा.

मी कंपनीला मेल टाकलाय. चारही जंतूंचे स्ट्रेन नंबर काय, एक्सपायरीच्या दिवशी किती सीएफयू उरतात, आणि इंजिनियर्ड असेल तर जीईएसीच्या परवानगीचा कागद. ऑटो रिप्लाय लगेच आला, ४८ तासात उत्तर देऊ म्हणून, ते ४८ तास केव्हाच उलटून गेले. रिफंड मी मागितलेला नाही, कागद मागितलाय. आला तर इथेच टाकतो, आणि त्यात खरंच परवानगी निघाली तर दोनाचे पाच स्टार करतो, वर शालकाला भरीत-पुरीची पार्टी.